ठुशीची दोरी

गुजरीत माझी जागा दोन हात रुंद.
पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून
मी ठुशी गाठते, साज ओवते,
मागं गोंडा, सरकती गाठ.
सोनं सोनाराचं, गळा गिऱ्हाइकाचा,
मधला दोरा तेवढा आम्हा पटवेकऱ्यांचा.

तीस वर्षं गळे बघतेय.
लांब, आखूड, वळ्या पडलेले,
एका बाईचा तर दोरीच्या मापात बसेना.
आपला कोण बघतं?

मे महिन्यात मी पायमोजे घातले.
सून म्हणाली, आत्याबाई, आवाज मामांसारखा झालाय.
लाल रेशमात एक काळा केस ओवला गेला,
गिऱ्हाईक साज परत घेऊन आली.
मग माझीच ठुशी मला होईना.
गाठ दोन बोटं मागं सरकवली.
म्हटलं, दोरा आटला असेल.
दोरा आटतो, खोटं नाही.

रिपोर्टात तीन इंग्रजी अक्षरं, पुढं आकडा,
आकड्याशेजारी वर तोंड केलेला बाण.
डॉक्टरांची गोळी पहाटे, अनशापोटी,
बारीक, पांढरी, बोटावरून घरंगळणारी.
घेते.
तरी अंग ओल्या गोणपाटासारखं,
म्हणून मंगळवार पेठेत, हेर्लेकर वैद्यबाईंचा जिना चढले.
मधल्या पायरीवर बसले. मग उरलेला चढले.

त्यांनी आधी माझी बोटं बघितली, दोऱ्यानं कापलेली,
मग नाडी धरली.
म्हणाल्या, पाण्याचा घोट घ्या. मान वर. आता गिळा.
आणि गळ्याकडं बघत राहिल्या,
मी गिऱ्हाइकांच्या बघते तशा.

मला वाटलेलं विचारतील, मनात काय गिळून ठेवलंय?
सुनेच्या मोबाइलवर तसलं फिरत असतं.
मी उत्तर जुळवून गेले होते:
धाकटा दीर, दुकानाची वाटणी, ती चांदीची पेटी.
त्यांनी विचारलं,
दुपारी झोपता?
रात्री दही खाता?
पोट?

"गोळी सोडायची नाही.
माझं औषध तिच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे.
दोघींत चार तासांचं अंतर.
जावा-जावा समजा, एका चुलीवर नकोत."

कागदावर लिहिलं कांचनार गुग्गुळ.
सुंठ, मिरी, पिंपळी, मधातून चिमूटभर.
जवाची भाकरी. हुलग्याचं माडगं.
(माडगं आई करायची. तेव्हा ते औषध नव्हतं,
घरात दुसरं काही नव्हतं.)
रंकाळ्याला फेरी, घाम फुटेपर्यंत.

कांचनार म्हणजे ओ काय?
त्यांनी खिडकीतून परसातलं झाड दाखवलं.
पान मधोमध चिरलेलं, दोन पाकळ्या जोडलेल्या.
हे तर आपट्याचं भावंड!
दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो
त्याच्या चुलत्याची साल माझ्या गळ्याला.
जन्म गेला सोन्याच्या गल्लीत
आणि माझ्या वाट्याचं कांचन निघालं सालीत.
कितीतरी दिवसांनी हसले, त्या मामांच्या आवाजात.

चव तुरट. जीभ टाळूला चिकटते,
थोडा वेळ कुणाशी भांडता येत नाही.

दसऱ्यानंतर दुसरा रिपोर्ट.
बाण गेला. आकडा अजून काठावर.
गोळीनं उतरला, सालीनं, का दुपारी न झोपल्यानं?
हेर्लेकरबाई म्हणाल्या, मलाही ठाऊक नाही.
चालू ठेवा दोन्ही, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा.
असं उत्तर सोनार कधी देत नाही.

काल एक नवरी आली, कळंब्याची.
ठुशी अगदी घट्ट हवी, फोटोत गळ्याला चिकटून.
गाठ ओढता ओढता माझा हात थांबला.
"पोरी, गीळ बघू एकदा."
ती हसली. गिळली.
मण्यांखालून, डावीकडं,
हरभऱ्याएवढं काहीतरी वर सरकलं
आणि सावकाश खाली आलं.

तिच्या आईला बाजूला घेतलं.
नसेलही काही, म्हटलं, पण डॉक्टरला दाखवा, याच आठवड्यात.
मजुरी नंतर द्या.

गाठ दोन बोटं सैल ठेवली.